डोळ्याचा सौदा

नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कांद्याचा मोठा बाजार भरतो. उन्हाळ कांद्याचे दिवस आले की बाजार समितीच्या आवारात पहाटेपासून ट्रॅक्टर आणि पिकअपच्या रांगा लागतात. नऊला भोंगा होतो. व्यापाऱ्यांचा घोळका पहिल्या गाडीपाशी जातो. कुणी वरचे चार कांदे उचलून पाहतो, कुणी कोपरापर्यंत हात खुपसून तळाचा कांदा बाहेर काढतो, कुणी नखाने पत्ती सोलतो, आणि बोली सुरू होते. एका गाडीला एक मिनिट, फार तर दीड. चार महिने राबून पिकवलेल्या मालाचं नशीब तेवढ्यात ठरतं आणि घोळका पुढच्या गाडीकडे सरकतो.

या घोळक्याच्या मधोमध अण्णा असत. अण्णा समितीचे लिलाव पुकारणारे. आवाज खणखणीत होताच, पण त्यांची खरी हुशारी नजरेत होती. बोली तोंडानेच बोलायची, असा समितीचा नियम. मात्र बाजारात नियमापेक्षा सवय जुनी. पहिल्या दोन-तीन बोल्या मोठ्याने होत आणि भाव चढू लागला की व्यापारी गप्प होत. एक शेठ टोपीला हात लावत, म्हणजे दहा रुपये वर. दुसरे हनुवटी उचलत, म्हणजे वीस. आणि ज्यांना सारा बाजार ‘मोठे शेठ’ म्हणे, ते नुसता डावा डोळा मिटत. खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या माणसालाही पत्ता लागू नये की हे अजून बोलीत आहेत. लागला तर तो ईर्षेने भाव चढवायचा. अण्णांना मात्र कुणाची टोपी, कुणाची हनुवटी आणि कुणाची पापणी काय बोलते ते पाठ होतं. त्यामुळे लिलाव झरझर उरकत. कुणाची तक्रार नव्हती. तक्रार करायला आधी काही दिसावं लागतं.

त्या दिवशी रांगेत रंगनाथची पिकअप होती. बावीस क्विंटल माल. एकसारखा, बारीक मानेचा, दुपत्ती कांदा. चाळीत घातला तर दिवाळीपर्यंत टिकेल असा. पण सोसायटीचा हप्ता थकला होता, म्हणून रंगनाथने तो चाळीत न घालता बाजारात आणला होता. बायको सिंधूही बरोबर आली होती. लिलाव आटोपला की दोघांना पुढच्या बियाण्याचं बघायचं होतं. ऊन वाढलं म्हणून ती केबिनमध्येच बसून राहिली.

घोळका आला. नऊशेपासून सुरुवात झाली. हजार, अकराशे, अकराशे वीस. पुढे सगळे गप्प झाले. टोपी हलली, पापणी मिटली आणि भाव अकराशे पन्नासवर येऊन अडला.

“अकराशे पन्नास एक वार… अकराशे पन्नास दोन वार…” अण्णांनी रिवाजाप्रमाणे मालकाकडे पाहिलं. “द्यायचा?”

रंगनाथ गाडीच्या दाराशी उभा होता. त्याच्या उजव्या हाताला मोठे शेठ. मागे केबिनच्या खिडकीत सिंधू. अण्णा या तिघांच्या समोर. ‘द्यायचा?’ म्हणताना अण्णांचा उजवा डोळा पुरता मिटला, क्षणभर मिटलेलाच राहिला आणि उघडला.

रंगनाथ गोंधळला. मागे अकरा गाड्यांचे चालक हॉर्न वाजवत होते. “द्या,” तो म्हणाला. “तीन वार!” मोठ्या शेठनी चिठ्ठी फाडली.

संध्याकाळी खळ्यावर गाडी रिकामी करून रंगनाथ चहाला थांबला, तेव्हा त्याला कळलं की शेजारच्या गावच्या एकाचा तसाच माल दुपारच्या सत्रात चौदाशेने गेला. क्विंटलमागे अडीचशे, बावीस क्विंटलचे साडेपाच हजार. हातातला कप तसाच राहिला. मग त्याला तो मिटलेला डोळा आठवला, आणि त्याच्या शेजारी उभे असलेले मोठे शेठही आठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने समितीच्या तक्रारवहीत लिहिलं, ‘लिलाव पुकारणाऱ्याने व्यापाऱ्याला डोळा मारून माझ्या मालाचा भाव पाडला.’

बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. चहाच्या टपरीवर जो तो आपापल्या परीने त्या डोळ्याचा अर्थ लावू लागला. एक म्हणाला, अण्णांना वाटा मिळत असणार. दुसरा म्हणाला, पुरुषाचा उजवा डोळा लवणं शुभ असतं, अण्णांना घबाड मिळणार. टपरीवरचा पोरगा म्हणाला, अण्णा मला रोज डोळा मारतात, म्हणजे अर्धा चहा आण आणि पैसे वहीत लिही. ज्याचा जेवढा अनुभव, तेवढाच अर्थ त्याला दिसत होता.

चौथ्या दिवशी समितीच्या हॉलमध्ये चौकशी बसली. सभापती होते, सचिव होते आणि संचालक म्हणून निवडून आलेल्या बाई होत्या. बाईंनी गावच्या शाळेत हयात घालवली होती. हॉलमधली निम्मी माणसं त्यांच्या हातची छडी खाल्लेली. त्यामुळे त्या आल्या की खुर्च्यांचा आवाजही कमी होई.

रंगनाथने आपलं गाऱ्हाणं सांगितलं. मग मोठे शेठ उठले. “साहेब, बाजारात डोळा मी मिटतो. तीस वर्षं मिटतोय. मी मिटला की भाव वाढतो. अण्णांनी माझ्याकडं बघून मिटला तर त्यानं काय व्हायचं? बोली मी देतो, ते घेतात.” हॉलमध्ये हशा पिकला. शेठचं म्हणणं बिनतोड होतं, आणि तरी ते पुरतं कुणाला पटलं नाही.

एक म्हातारा हमाल म्हणाला, “मे महिन्यात कांद्याच्या आवारात उभं राहून ज्याचा डोळा मिटत नाही, असा माणूस मला दाखवा. वारं सुटलं की टरफलं उडतात, फुफाटा उडतो. दिवसभर आम्ही एकाच डोळ्यानं बघतो. मग आम्ही काय साऱ्या बाजाराला डोळे मारतो?”

सभापतींना हे प्रकरण वाढायला नको होतं. समितीची निवडणूक तोंडावर होती, आणि मोठे शेठही दुखवायचे नव्हते, शेतकरीही नव्हते. ते अण्णांकडे वळले आणि मोठ्या मायेने म्हणाले, “अण्णा, तुम्हाला झोप कमी, चहा जास्त. पापणी लवत असेल. आपल्या डॉक्टरांचं दोन ओळींचं पत्र आणा, विषय मिटला.” आणि एवढं बोलून त्यांनी हलकेच डोळा मिचकावला. कुणाला दिसलं नाही असं त्यांना वाटलं. शाळेत चाळीस पोरांवर एकदम नजर ठेवलेल्या बाईंना ते दिसलं.

“डॉक्टर इथंच बसलेत,” बाई म्हणाल्या. “पत्र कशाला? विचारूया.”

डॉक्टर उठले. “माणूस मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो, पण दोन्ही डोळ्यांच्या, आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. जागरण झालं, थकवा आला, चहा-कॉफी जास्त झाली की एखादी पापणी फडफडते. ती नुसती थरथरते, डोळा पुरता मिटत नाही. चेहऱ्याच्या एका बाजूला आचके येण्याचा विकार असतो, त्यात डोळा आपोआप मिटतो. पण त्यात गाल आणि तोंडाचा कोपराही ओढला जातो, आणि तो विकार एकदाच येऊन जात नाही. अण्णांना तसं काही नाही. एकच डोळा असा सावकाश मिटायचा तर तो मिटणाऱ्यानेच मिटावा लागतो.”

सभापती फाईल चाळू लागले. अण्णा पहिल्यांदाच बोलले. “डॉक्टर बरोबर सांगतायत. डोळा मी मिटला, आणि जाणूनबुजून मिटला.”

हॉलमध्ये एकच गलका झाला. रंगनाथ उठून उभा राहिला. “ऐकलंत ना? कबूल झालं!”

तेवढ्यात मागच्या बाकावरून गणपा सोंगाड्या पुढे आला. एके काळी फडाबरोबर गावोगाव फिरलेला. आता गुडघे गेले म्हणून दीड एकर कांदा करत होता, आणि त्या दिवशी रंगनाथच्या मागच्या तिसऱ्या गाडीवर होता. “बाई, डोळा मारणं हा माझा धंदा होता. थोडं बोलू का?”

“बोल.”

“गवळणीत मी पेंद्या व्हायचो, वगात राजाचा हुजऱ्या. राजा सिंहासनावरून बढाया मारायला लागला, की मी मान इतकी,” गणपाने हनुवटी बोटभर वळवून दाखवली, “फिरवायचो आणि लोकांकडं बघून डोळा मारायचो. अर्थ असा की, राजा खुळा आहे हे तुम्हाला-मला ठाऊक, त्याला ठाऊक नाही. तंबू हसून पडायचा. तोच डोळा मान न वळवता मारला की ढोलकीवाल्याला इशारा, म्हणजे आता तोडा घे. तोच डोळा भुवई वर घेऊन मारला की नाचणाऱ्या बाईला खूण, म्हणजे तुझी ओळ आली. डोळा एकच, कामं तीन.”

“भरताच्या नाट्यशास्त्रात नुसत्या पापण्यांच्या हालचाली नऊ सांगितल्यात,” बाई मध्येच म्हणाल्या.

“असतील. आम्हाला वस्तादानं शिकवलं, ते चिमटे काढून. पण गंमत पुढं आहे. खेळ संपला की तंबूमागं चार गडी येऊन उभे राहायचे. एक म्हणायचा, गणपा, मला का डोळा मारलास? दुसरा म्हणायचा, त्याला नाही, मला मारला. तिसऱ्याला वाटायचं, माझ्या बायकोकडं बघून मारला. तो मारायलाच यायचा. मी तर चौघांतल्या एकालाही बघितलेलं नसायचं. कंदिलाच्या उजेडात मला समोरचं काही दिसायचंच नाही! डोळा मारणारा एकालाच मारतो, पण त्या सरळ रेषेत बसलेल्या प्रत्येकाला तो आपला वाटतो. त्या दिवशी अण्णांच्या रेषेत तिघं होते.”

जाता जाता तो म्हणाला, “आणि बाई, अण्णांना लगेच सुळावर देऊ नका. दमयंतीच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण, यम नळाचं रूप घेऊन बसले. पाच नळ, सारखेच. तिनं खरा कसा ओळखला? देवाला घाम येत नाही, त्याच्या गळ्यातली माळ सुकत नाही, सावली पडत नाही, पाय भुईला टेकत नाहीत आणि पापणी लवत नाही. ज्याची लवत होती त्याच्या गळ्यात तिनं माळ घातली. पापणी मिटते तो माणूस. माणसाला माणसासारखं विचारा.”

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “अर्धा दिवस गेला. डोळा कुणाला मारला हे शेठनी सांगितलं, रंगनाथनं सांगितलं, गणपानं अंदाज केला. ज्यानं मारला त्याला कुणी विचारलंच नाही. अण्णा, तुम्ही सांगा. कुणाला?”

अण्णा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “रंगनाथला.”

रंगनाथला काही कळेना. अण्णा पुढे बोलू लागले. “सकाळी दोन-तीन व्यापाऱ्यांचं बोलणं कानावर आलं होतं. दुपारी दक्षिणेकडच्या गाड्या भरायच्या होत्या. मालाची ओढ लागणार, भाव सुटणार, हे मला दिसत होतं. रंगनाथचा माल सोन्यासारखा. त्याचा बाप आणि मी एका वर्गात होतो. अकराशे पन्नासला देऊ नको, दुपारी आण, एवढंच सांगायचं होतं. भर लिलावात तोंडानं बोललो असतो तर व्यापाऱ्यांनी लिलाव बंद पाडला असता, आणि माझी नोकरीही गेली असती. म्हणून डोळ्यानं सांगितलं. त्याला कळलं नाही.”

“मग चार दिवस गप्प का बसलात?”

“खरं सांगितलं तर शेतकऱ्याला फितूर झालो म्हणून व्यापारी उठले असते. खोटं बोलवत नव्हतं.”

रंगनाथ मटकन खाली बसला. साऱ्या आवारात त्या दिवशी त्याचं भलं चिंतणारा एकच माणूस होता, आणि त्याच्याच विरुद्ध त्याने तक्रार केली होती. हॉलमधलं वारं फिरलं. कुणी तरी “अण्णा, शाब्बास!” म्हणालं. टाळ्या पडल्या. सभापतींनी सुटकेचा श्वास टाकला आणि चहा सांगितला.

टाळ्या थांबल्या तेव्हा दाराशी उभी असलेली सिंधू म्हणाली, “बाई, मी बोलू?”

ती आत आली. नवऱ्याकडे न बघता म्हणाली, “मी गाडीत बसले होते. अण्णांनी डोळा मारला तो मला वाटलं माझ्याकडं बघून मारला. भर बाजारात, धन्याच्या समोर. घरी सांगितलं असतं तर यांनी काठी उचलली असती. माझंच काही चुकलं का, पदर नीट नव्हता का, याचाच विचार करत राहिले. चार रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या.”

अण्णांचा चेहरा उतरला. बापाच्या वयाचा माणूस. असं कुणाला वाटू शकेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ते हात जोडून उठले. “ताई, देवाशपथ, तुझ्याकडं माझं लक्षही नव्हतं.”

“नव्हतं, हे आज कळलं अण्णा,” सिंधू म्हणाली. “त्या दिवशी मला कसं कळावं?”

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. बाईंनी तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं. “बाईला अपमान वाटावा म्हणून केलेला नुसता इशाराही गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ मध्ये त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कायदा हेतू बघतो, आणि अण्णांचा हेतू तसा नव्हता हे आपण ऐकलं. पण हेतू पोटात असतो. बाहेर दिसतो तो डोळा.”

मग त्यांनी म्हाताऱ्या हमालाच्या खांद्यावरचं उपरणं मागून घेतलं. मोठ्या शेठना आणि रंगनाथला समोरासमोर उभं केलं, दोघांचे उजवे हात एकमेकांच्या हातात दिले आणि वर उपरणं टाकलं. “शेठ, बैलबाजारात सौदा करतात तसा करा. एका जोडीचा भाव सांगा याला.”

उपरण्याखाली थोडी हालचाल झाली. शेठनी आधी दोन बोटं धरली, सोडली, मग सगळा पंजा दाबला. रंगनाथने मान हलवली. “किती?” बाईंनी विचारलं.

“पंचवीस हजार.”

“तुम्हाला कुणाला दिसलं?” बाई हॉलकडे वळल्या. कुणालाच दिसलं नव्हतं. “दिसू नये म्हणूनच ते उपरणं. माझं माहेर वऱ्हाडातलं. तिथं पूर्वी कापसाचे सौदे असेच कापडाखाली व्हायचे. दलाल घेणाऱ्याचा हात दाबून एक भाव ठरवायचा आणि विकणाऱ्याला वेगळाच सांगायचा. शेतकरी शेजारी उभा राहून नागवला जायचा. म्हणून कारंज्याला १८८६ साली नियमानं बांधलेला कापसाचा बाजार सुरू झाला. आपल्याकडचा तो पहिला म्हणतात. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. शेतीसाठी नेमलेल्या रॉयल कमिशननं १९२८ साली असे नियंत्रित बाजार सगळीकडं करा म्हणून सांगितलं. महाराष्ट्राचा बाजार समितीचा कायदा १९६३ चा. एवढी माणसं, एवढी वर्षं कशासाठी झटली? सौद्यावरचं कापड काढायला. आणि आपण काय केलं? उपरणं काढून टाकलं आणि तोच सौदा पापणीखाली नेला.”

“पण बाई, अण्णांनी तर माझ्या भल्यासाठी…” रंगनाथ म्हणाला.

“तुझ्या भल्यासाठी. बरोबर. अण्णा, रंगनाथच्या मागं किती गाड्या होत्या?”

“अकरा.”

“त्यांतल्या कितींना डोळा मारलात?”

अण्णा काही बोलले नाहीत.

“गणपाची गाडी तिसरी होती. त्याचा माल कितीला गेला?”

“अकराशे दहा,” मागून गणपाच म्हणाला.

“त्याच्या बापाची आणि तुमची शाळा एक नव्हती, म्हणून तो अकराशे दहाला गेला. अण्णा, तुम्ही पैसा खाल्ला नाहीत, मला ठाऊक आहे. तुमच्या मनात दया होती. पण जी दया ओळखीच्या माणसापुरती आणि चोरून करावी लागते, ती बाकीच्यांवर अन्याय करते. उद्या तुमच्या जागी दुसरा येईल. त्याचाही डोळा असाच मिटेल, आणि तो वाटा घेणारा असेल. तेव्हा बघणाऱ्यानं दोघांतला फरक कसा ओळखायचा?”

सभापती घसा खाकरून म्हणाले, “बाई, एवढं ताणू नका. थोडी डोळेझाक करावी लागते संस्थेत.”

“तुम्ही मघाशी केलीत ती मी पाहिली,” बाई म्हणाल्या. सभापतींनी आलेला चहा बाईंच्या पुढे सरकवला आणि पुन्हा तोंड उघडलं नाही.

निकाल सचिवांनी लिहून घेतला, बाईंनी सांगितला. अण्णांवर लाचेचा ठपका नाही. त्यांचा एक दिवसाचा पगार कापायचा, तो बेइमानीबद्दल नाही, नियम मोडल्याबद्दल. सिंधूची त्यांनी माफी मागायची. ती त्यांनी मागितलीच होती. दुसरं, उद्यापासून जी बोली तोंडाने होणार नाही ती धरायची नाही; टोपी, हनुवटी, पापणी सगळं बंद. आणि तिसरं अण्णांसाठी. रोज भोंगा होण्याआधी त्यांनी लाउडस्पीकरवरून सांगायचं की आज किती गाड्या आल्या, आजूबाजूच्या बाजारांत काल काय भाव निघाला, मालाला कुठून मागणी असल्याचं समितीला कळलं आहे. आणि शेवटी हे की, भाव पसंत नसेल तर माल न देण्याचा हक्क शेतकऱ्याला आहे, त्यात कुणाची भीड नको.

“म्हणजे जे मी रंगनाथला डोळ्यानं सांगितलं…” अण्णा म्हणाले.

“ते आता बाराही गाड्यांना तोंडानं सांगा,” बाई म्हणाल्या. “आवाज देवानं चांगला दिलाय तुम्हाला.”

दुसऱ्या दिवशी अण्णांनी लाउडस्पीकरवरून सांगायला सुरुवात केली तेव्हा व्यापाऱ्यांनी दोन तास लिलाव बंद ठेवला. मग ऊन चढलं, माल तापू लागला, त्यांच्याही गाड्या खोळंबल्या, आणि मोठे शेठ सगळ्यांत आधी पुढे आले. तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी अकराशेच्या वरची बोली तोंडाने बोलली. आवाज घोगरा आला.

म्हणून कांद्याचे भाव आभाळाला भिडले असं झालं नाही. कांद्याचा भाव आवकेवर ठरतो, पावसावर ठरतो, निर्यातीच्या धोरणावर ठरतो. तो अण्णांच्या गळ्यावर ठरत नाही. पंधरा दिवसांनी रंगनाथने दुसरी गाडी आणली. अण्णांनी सकाळी सांगितलं ते ऐकून त्याने पहिल्या सत्रातला भाव नाकारला, दुपारपर्यंत थांबला, आणि दुपारी आवक अचानक वाढून त्याला चाळीस रुपये कमीच मिळाले. जाताना तो अण्णांपाशी थांबला.

“अण्णा, आज फसलो.”

“तक्रारवही कार्यालयात आहे,” अण्णा म्हणाले.

“कशाची तक्रार? सगळं ऐकून, मीच ठरवलं होतं.”

साडेपाच हजार गेले तेव्हा रंगनाथ चार दिवस जेवला नव्हता. या वेळी गेले ते त्याने घरी जाऊन सिंधूला सांगितले आणि दोघं जेवायला बसले. पहिल्या वेळी पैशाबरोबर विश्वासही गेला होता, दुसऱ्या वेळी नुसते पैसे गेले.

तात्पर्य: घरात, फडावर, पत्त्यांच्या डावात डोळा खुशाल मिचकावा; तिथे त्याचा अर्थ चुकला तरी फार तर हसू होतं. पण तुमच्या शब्दावर ज्यांचं पोट आणि अब्रू अवलंबून आहे, त्यांच्यासमोर खुणेने बोलू नका. खूण करणाऱ्याच्या मनात एक अर्थ असतो आणि बघणारे दहा लावतात. सांगायचं ते चांगलं असेल तर तोंडाने सांगा, आणि ओळखीच्या एकाला नको, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा.